नागपूरहून पेंच : एका दिवसात जाऊन येण्याचे नियोजन

मृगबहार

नमस्कार. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नागपूरहून पेंच व्याघ्र प्रकल्पाची एक दिवसाची जंगलसहल आखत आहोत आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आम्ही सात जण आहोत : वडील (वय ७४), आई (वय ७०, गुडघे आणि कंबर दोन्हींचा त्रास), मी, पत्नी, पुण्याहून येणारा धाकटा भाऊ, आणि अकरा व सहा वर्षांची दोन मुले. सात आसनांची गाडी घरचीच आहे आणि मी व भाऊ दोघेही चालवतो. मुक्काम करता येणार नाही, कारण भावाला दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी पकडायची आहे.

माझा कच्चा आराखडा असा आहे. सकाळी सहाला घरून निघायचे, रामटेकला गडावर दर्शन घ्यायचे, खिंडसी तलावावर थोडा वेळ थांबायचे, मग कोलितमाऱ्याला बोटीतून फेरी करून दुपारच्या सफारीसाठी पेंचचे सिल्लारी फाटक गाठायचे. सफारी संपल्यावर वाघोली तलावाकडे अंधारात तारे बघायचे आणि रात्री अकरापर्यंत घरी परतायचे. सकाळची सफारी घ्यावी की दुपारची, याबद्दल अजूनही मनात गोंधळ आहे. काही मित्रांनी पेंचऐवजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य सुचवले आहे, कारण ते अंतराने जवळ आहे. वडील तरुणपणी कामानिमित्त देवलापारच्या बाजूला बरेच हिंडलेले आहेत आणि त्यांना ते रान पुन्हा बघायचे आहे. सहलीचे खरे कारण तेच आहे, म्हणून त्यांना दगदग न होता दिवस नीट पार पडावा अशी इच्छा आहे.

कन्हानकाठ

मृगबहार, तुमच्या आराखड्यात पाच ठिकाणे आहेत आणि दिवस एकच आहे. माझा पहिला सल्ला असा की, यांतली दोन ठेवून बाकीची मोकळ्या मनाने सोडून द्यावीत.

कोलितमारा तर आधी वगळा. नकाशावर ते सिल्लारीच्या शेजारी दिसते, परंतु मध्ये जंगल आणि जलाशयाचे पाणी आहे. कोलितमाऱ्याला लोक पारशिवनी आणि नवेगाव खैरीच्या बाजूने जातात, तर सिल्लारीचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून मनसर ओलांडल्यावर फुटतो. एका दिवसात दोन्ही करायचे म्हणजे जंगलाभोवती गाडीने अर्धी प्रदक्षिणा घालणे होय, आणि त्या प्रदक्षिणेत जंगल जवळजवळ दिसतच नाही.

नागपूर ते सिल्लारी हे अंतर साधारण ७० ते ७५ किलोमीटर आहे. महामार्ग चौपदरी असल्यामुळे लोक सव्वा तासाचा हिशेब मांडतात आणि तिथेच फसतात. कामठी व कन्हानच्या टप्प्यात कोळशाचे व इतर मालाचे ट्रक असतात आणि थंडीच्या दिवसांत कन्हान नदीच्या आसपास पहाटे दाट धुके असते. त्यामुळे घरापासून फाटकापर्यंत दोन तास धरा. पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवा.

देवलापारची लेक

माझे माहेर त्याच पट्ट्यातले असल्यामुळे दोन गोष्टी आग्रहाने सांगते, कारण या दोन चुकांमुळे आमच्या ओळखीच्या अनेकांचा दिवस वाया गेलेला आहे.

पहिली गोष्ट पवनीची. सिल्लारीला वळण्यासाठी महामार्गावरचे जे गाव आहे, ते पवनी रामटेक तालुक्यातले आहे. दुसरी पवनी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आहे, आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचे एक फाटकही त्याच पवनीच्या नावाने ओळखले जाते. माझ्या सासरच्या पाहुण्यांनी मोबाइलच्या नकाशात नुसते ‘पवनी’ असे लिहिले आणि ते भंडाऱ्याच्या दिशेने पुष्कळ अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. सफारीची वेळ टळली आणि पैसेही गेले. नकाशात नेहमी ‘सिल्लारी’ असेच शोधा, आणि मनसरचा फाटा डोळ्यांनी दिसल्याशिवाय आपण योग्य रस्त्यावर आहोत असे समजू नका.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात, पेंच याच नावाचे व्याघ्र प्रकल्प आहेत आणि त्यांची आरक्षणव्यवस्था वेगवेगळी आहे. तुरिया हे मध्य प्रदेशातले फाटक असून खवासा ओलांडून पुढे जावे लागते; सिल्लारी, चोरबाहुली आणि खुर्सापार ही आपल्या बाजूची आहेत. परवाना त्या त्या फाटकापुरताच असतो. एका फाटकाचा कागद दुसऱ्या फाटकावर चालत नाही, आणि तेथील कर्मचाऱ्यांशी वाद घालून उपयोग नसतो, कारण त्यांच्याजवळच्या यादीत तुमचे नाव नसते. आरक्षण करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावे, आणि परवाना कागदावर छापून घ्यावा. जंगलाच्या कडेला मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबून राहता येत नाही.

सागवान

मृगबहारजी, तुम्ही सात जण आहात आणि सफारीच्या उघड्या गाडीत, म्हणजे जिप्सीत, सहाच पर्यटक बसतात, ही गोष्ट अजून कोणीच मांडलेली दिसत नाही. वाहनचालक आणि मार्गदर्शक यांच्या जागा वेगळ्या असतात. त्यामुळे तुम्हाला एक तर दोन जिप्सी घ्याव्या लागतील, किंवा कोणाला तरी मागे राहावे लागेल. दोन जिप्सींचा खर्च दुप्पट होतो आणि कुटुंब दोन गाड्यांत विभागले जाते.

तुमच्या आईंना कंबरेचा त्रास आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या आईला मी अशाच अवस्थेत उघड्या जिप्सीतून नेले होते आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. आतले रस्ते कच्चे असतात, दगड आणि नाले येतात, गाडीत चढायलाही पाय उंच उचलावा लागतो. ती बिचारी शेवटपर्यंत काही बोलली नाही, पण पुढचे चार दिवस अंथरुणावर होती. आईंना आधी स्पष्ट विचारा, आणि त्यांनी ‘माझी काळजी करू नका’ असे म्हटले तरी ते उत्तर समजू नका. कोणी मागे राहणार असेल तर एकट्याने राहू नये, सोबत एक जण असावा, म्हणजे जिप्सीत पाच जण होतील. सिल्लारीला पर्यटक संकुल असल्याने सावलीत बसण्याची सोय आहे.

नीलपंख

सकाळ की दुपार, या प्रश्नावर माझे मत मांडतो. पक्षी पाहणारा म्हणून माझा कल नेहमी सकाळकडे असतो. पहाटे जंगल बोलत असते. भृंगराज, हळद्या, तांबट यांचे आवाज एकामागून एक उठतात, आणि चितळाने किंवा सांबराने दिलेला इशारा थंड हवेत फार दूरवर ऐकू येतो. परंतु नागपूरहून त्याच दिवशी निघून सकाळची सफारी गाठायची म्हणजे पहाटे साडेतीनला घर सोडणे आले. फेब्रुवारीत त्या वेळी उघड्या जिप्सीतला वारा हाडांपर्यंत जातो. सहा वर्षांचे मूल आणि ७४ वर्षांचे वडील सोबत असताना मी ते करणार नाही. शिवाय अपुऱ्या झोपेत गाडी चालवणारा माणूस धुक्यात महामार्गावर असेल, हे मला त्याहूनही अधिक खटकते.

दुपारची सफारी घेतली तर सुरुवातीचा तासभर ऊन लागेल आणि प्राणी सावलीत असतील, पण शेवटच्या दीड तासात सगळे रान पाण्याकडे निघते. सफारीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आरक्षणावर छापलेली वेळच प्रमाण माना आणि तिच्या अर्धा-पाऊण तास आधी फाटकावर हजर राहा. आठवड्याचा सुटीचा दिवसही तेव्हाच तपासून घ्या.

फेब्रुवारीअखेर हा काळ मला स्वतःला फार आवडतो. सागाची पाने गळत आलेली असल्याने नजर आतपर्यंत पोहोचते. काटेसावर लाल फुलांनी भरलेली असते, पळस नुकता पेटायला लागलेला असतो. आणि कुलूची झाडे! पाने झडल्यावर त्याचे पांढुरके, चकाकणारे खोड संध्याकाळच्या उजेडात असे उभे असते की, लोक त्याला भुताचे झाड का म्हणतात ते कोणी सांगावे लागत नाही. मुलांना ते झाड ओळखायला लावा. वाघ दिसणे आपल्या हातात नसते, झाड मात्र नक्की दिसते.

गोंडवाट

उमरेड-कऱ्हांडल्याविषयी लिहितो, कारण मी तिथे वारंवार जातो. २०१२ मध्ये अधिसूचित झालेले हे १८९ चौरस किलोमीटरचे अभयारण्य नागपूरपासून साधारण साठ किलोमीटरवर आहे. नागझिऱ्याहून आलेला ‘जय’ हा वाघ २०१३ नंतर तिथे स्थिरावला आणि त्याच्यामुळे हे नाव सर्वदूर पोहोचले. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तरी गर्दी मात्र वाढतच गेली. एका दिवसाच्या सहलीसाठी ते निश्चितच सोयीचे आहे.

तरीही तुमच्या बाबतीत मी पेंचच म्हणेन, आणि त्याचे पहिले कारण तुमचे वडील आहेत. ज्या रानाशी त्यांच्या आठवणी बांधलेल्या आहेत, त्याच्या जागी दुसरे रान चालत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या निमित्ताने सर्वांसाठीच लिहितो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्याच्या गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. ती चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई वाहनचालकांवर आणि मार्गदर्शकांवर झाली, पण ‘आणखी थोडे पुढे घ्या’ असे मागून म्हणणारे आपल्यासारखेच लोक असतात. गाडीत बसण्यापूर्वीच चालकाला आणि मार्गदर्शकाला सांगून ठेवा की, वाघ दिसला नाही तरी आमची तक्रार नाही, गाडी पळवू नका आणि इतर गाड्यांच्या घोळक्यात शिरू नका. हे वाक्य ऐकल्यावर त्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरलेले मी स्वतः पाहिले आहे. त्यानंतर ते जे दाखवतात ते अनेकदा वाघाइतकेच मोलाचे असते : अस्वलाने उकरलेले वारूळ, खोडावरचे नखांचे ओरखडे, रानकुत्र्यांची ताजी पावले.

मोबाइल फोन पिशवीत बंद राहील हे गृहीतच धरा, आणि मुलांनाही घरूनच तशी कल्पना द्या.

मृगबहार

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जिप्सीत सहाच जण बसतात हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आईशी बोललो. तिला गडावर जायचे आहे, जंगलात हिंडण्याची हौस मुळीच नाही, असे तिने स्वच्छ सांगितले. तिच्यासोबत भाऊ थांबायला तयार आहे. सिल्लारीची दुपारची सफारी पाच जणांसाठी आरक्षित केली आहे.

ताऱ्यांविषयी मात्र अजून निर्णय होत नाही. २०२४ च्या जानेवारीत पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचा नैसर्गिक अंधार जपलेले उद्यान) म्हणून मान्यता मिळाल्यापासून मोठ्या मुलीने तो विषय लावून धरला आहे. सफारी संध्याकाळी संपते, तेव्हा दोन तास अधिक थांबणे शक्य होईल का?

कन्हानकाठ

मुलीची इच्छा रास्त आहे. त्या मान्यतेसाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया आणि खापा या गावांतले रस्त्यांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला, आणि वाघोली तलावाच्या परिसरात दुर्बिणीची सोय करण्यात आली. गावकऱ्यांनी आपल्या दारातला उजेड कमी करून घेतला, हे तिला आवर्जून सांगा.

पण त्या रात्री थांबू नका. आकाश निरीक्षणाला मुक्काम हवा. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासच पुष्कळ वेळ जातो, आणि दिवसभर हिंडलेला चालक रात्री दहाला जंगलातल्या रस्त्यावर गाडी काढतो, हे योग्य नाही. संध्याकाळनंतर सिल्लारी ते पवनी या आतल्या रस्त्यावर चितळ आणि रानडुकरे कधीही आडवी येतात. तुमचा परतीचा तास साडेसहा हाच पक्का करा आणि बाकीचा दिवस त्यावरून मागे मागे आखत जा. सहल आखताना आपण निघण्याच्या वेळेपासून सुरुवात करतो, आणि सगळी घाई शेवटी साचते.

सागवान

कन्हानकाठ यांच्याशी सहमत. महामार्गाबद्दल एक गोष्ट जोडतो. मनसर ते खवासा या टप्प्यात महामार्ग रुंद करताना वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी उंच बांधकामे केलेली आहेत आणि त्यांतील सर्वांत लांब साडेसातशे मीटरचे आहे. त्यांच्याखालून वाघांसह अनेक प्राणी ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलेले आहे. मुलांना ते पूल गाडीतूनच दाखवा. छायाचित्रासाठी पुलावर गाडी थांबवणारे लोक मी पाहिले आहेत. ते अतिशय धोकादायक आहे, आणि खालच्या प्राण्यांनाही त्याचा त्रास होतो.

देवलापारची लेक

जेवणाचे ठरले नसेल तर घरूनच न्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दह्यातली चटणी आणि कोरडी भाजी एवढे पुरते आणि उन्हात टिकते. सफारीपूर्वी जड जेवण नको, कारण भरल्या पोटी जिप्सीचे हेलकावे मुलांना सोसत नाहीत. संत्र्यांचा मृग बहार तेव्हा बाजारात असेलच. मात्र सोललेली साले आणि पिशव्या जंगलाच्या कडेलाही टाकू नका, घरी परत आणा. जंगलात गेल्यावर गाडीतून उतरता येत नसल्यामुळे स्वच्छतागृहाची गरज फाटकावरच उरकून घ्यावी, विशेषतः लहान मुलांची आणि वडिलांची. कपडे मातकट, फिक्या हिरव्या रंगाचे असावेत. दुपार असली तरी वडिलांसाठी शाल ठेवा, कारण सूर्य कलल्यावर गारवा एकदम उतरतो.

मृगबहार

सहल पार पडली. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

साडेसातला घरून निघालो. कन्हानपर्यंत पाऊण तास लागला; कन्हानकाठ यांनी सांगितलेले ट्रक जसेच्या तसे होते. मनसरहून आत वळून रामटेकला सव्वानऊला पोहोचलो. गडाच्या बरेच वर गाडी जात असल्याने आईला थोड्याच पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि दर्शन शांतपणे झाले. वडिलांनी मुलांना मेघदूताची कथा तिथेच, कठड्याशी बसून सांगितली. खिंडसी वगळले. ते आमच्या हिताचेच झाले, कारण तो वाचलेला वेळ गडावर निवांत बसण्यात गेला.

साडेबाराच्या सुमारास सिल्लारीला पोहोचून झाडाखाली जेवलो. आई आणि भाऊ तिथेच थांबले. आईने चटईवर चक्क दोन तास झोप काढली, आणि एरवी वर्षातून चार दिवस भेटणारा मुलगा दुपारभर आपल्याजवळ बसला याचेच तिला समाधान वाटले.

गोंडवाट यांनी सुचवलेले वाक्य मी बसण्यापूर्वीच मार्गदर्शकांना सांगितले. ते त्याच परिसरातल्या गावचे निघाले. वडिलांनी जुन्या पाणवठ्यांची आणि वाटांची नावे काढली, तशी ते दोघे एकमेकांशी बोलू लागले आणि आम्ही नुसते ऐकत राहिलो. वाघ दिसला नाही. गव्यांचा कळप अगदी जवळून दिसला, त्यात तांबूस रंगाचे एक वासरू होते. रानकुत्री एका नाल्याच्या काठी ओळीने बसलेली होती. धाकट्याने कुलूची झाडे मोजायला सुरुवात केली आणि सतरापर्यंत पोहोचून तो आजोबांच्या मांडीवर झोपला. शालीचा सल्ला अचूक ठरला.

एक चूक झाली, ती नोंदवतो. पाच जणांसाठी मी पाण्याची एकच मोठी बाटली घेतली होती, आणि पहिल्याच तासाच्या उन्हात ती संपली. चालकांनी स्वतःजवळचे पाणी मुलांना दिले. प्रत्येकाची स्वतंत्र बाटली असणे आवश्यक आहे, आणि ती पुन्हा वापरता येण्याजोगी असावी.

साडेसहा ऐवजी पावणेसातला सिल्लारी सोडले. पवनीच्या फाट्यापर्यंत अंधार पडला होता आणि एका वळणावर चितळांची जोडी खरोखरच रस्त्यात उभी होती. भाऊ सावकाश चालवत होता म्हणून थांबता आले. त्याच ठिकाणी दिवे बंद करून आम्ही दोन मिनिटे काचेतून वर पाहिले. मुलीने मृगनक्षत्र स्वतः ओळखले आणि मुक्कामाची सहल कधी, हा प्रश्न त्याच मिनिटाला विचारला. पावणेनऊला घरी पोहोचलो.

वडील दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाले की, त्यांच्या ओळखीची एक वाट आता बंद झाली आहे, पण तिच्या तोंडाशी असलेले मोहाचे झाड अजून उभे आहे.

नीलपंख

वडिलांना नमस्कार सांगा. मार्चअखेर ते मोहाचे झाड फुलेल. मुक्काम ठरवाल तेव्हा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा आणि सकाळची सफारी घ्या, म्हणजे मुलीचे तारेही दिसतील आणि पहाटे झाडाखाली मोह वेचायला आलेली चितळेही दिसण्याचा संभव आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, तेव्हा ते महिने सोडून आरक्षण पाहा.